खाणीतील हवेचे मोजमाप

युरेनियमयुक्त खडकातून रेडॉन हा वायू सतत पाझरत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो; भुयारात मात्र साचत राहतो. खरा अपाय होतो तो रेडॉनच्या क्षयातून निर्माण होणाऱ्या पोलोनियमसारख्या घन कणांमुळे. धुळीला चिकटलेले हे कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात व तेथे अल्फा किरणांचा मारा करतात. कामगाराच्या छातीवरील फिल्म बॅजवर त्याची नोंद उमटत नाही. म्हणून हवाच तपासावी लागते.

तपासणीची एक रूढ पद्धत साधी आहे. कामगार जेथे खडक फोडतो तेथील हवा पंपाने पाच मिनिटे गाळणकागदातून ओढतात आणि ४० ते ९० मिनिटांच्या अवधीत त्या कागदावरील अल्फा कण मोजतात. त्यावरून हवेची पातळी ‘वर्किंग लेव्हल’ या एककात ठरते. एक वर्किंग लेव्हल असलेल्या हवेत १७० तास काम केले, की एक ‘वर्किंग लेव्हल मंथ’ इतकी मात्रा झाली. अर्थात कोण कोणत्या भागात किती तास होता, याची हजेरी नीट नसेल तर हा हिशेब निरर्थक होय. खाणीच्या तोंडाशी, ताज्या हवेत घेतलेला नमुनाही फसवाच. झारखंडमधील जादुगुडा खाणीत असे मोजमाप मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पथकाने केले आहे.

परंतु मोजलेला आकडा कामगारापर्यंत पोहोचला नाही तर काय होते, हे अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर दिसून आले. तेथील युरेनियम खाणींत नवाहो आदिवासी मोठ्या संख्येने राबत होते. जर्मनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांना जडणारा फुप्फुसाचा रोग हा कर्करोग असल्याचे १८७९ मध्येच निदर्शनास आले होते. १९५० पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने हवेचे नमुने घेतले, कामगारांची प्रकृती तपासली. पण धोका त्यांना सांगितला नाही. खाणीत प्रवेश मिळावा म्हणून खाणमालकांची ही अट पत्करण्यात आली होती! केंद्र सरकारची पहिली मर्यादा १९६७ मध्ये आली. १९७१ मध्ये वर्षाला चार वर्किंग लेव्हल मंथ ही कमाल मात्रा ठरली. नुकसानभरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला. तोवर अनेक घरांतील कर्ते पुरुष दगावले होते.

उपाय अज्ञात नव्हता. पंख्यांनी ताजी हवा वेगाने खेळविली, तर रेडॉनचा क्षय होऊन घातक कण वाढण्यापूर्वीच तो बाहेर पडतो. नमुने घेणाऱ्या तज्ज्ञांनी हे १९५२ च्या अहवालातच सुचविले होते.