पानाचा हिरवेपणा आणि पानाचे काम

पीक हिरवेगार दिसले की शेतकऱ्यास समाधान वाटते आणि ते पिवळे पडले की चिंता वाटते. ही पारख बरोबर असली तरी अपुरी आहे. हिरवेपणावरून पानात हरितद्रव्य किती आहे एवढेच समजते. ते काम करीत आहे किंवा नाही, हे रंगावरून नेहमीच कळत नाही. गोठ्यातील बैल मोजून नांगरट किती झाली हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

प्रकाशाच्या तीन वाटा

हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. म्हणूनच नत्र कमी पडल्यास पान फिके होते. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील मुख्यत्वे निळे व तांबडे किरण शोषून घेते. या ऊर्जेस तीन वाटा असतात. पहिल्या वाटेने अन्न तयार होते. यास प्रकाशसंश्लेषण म्हणतात. दुसऱ्या वाटेने ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तिसऱ्या वाटेने शेकडा एक-दोन भाग तांबडा प्रकाश होऊन पानाबाहेर पडतो. यास हरितद्रव्याचे अनुस्फुरण म्हणतात. पहिली वाट अडली की उरलेली ऊर्जा इतर दोन वाटांनी जाते.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

पालकाची पाने स्पिरिटमध्ये वाटून रस गाळावा व काचेच्या नळीत घ्यावा. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ विस्तव असू नये. अंधाऱ्या खोलीत नळीवर विजेरीचा प्रखर झोत टाकावा. आरपार पाहिल्यास रस हिरवा दिसतो, पण झोताच्या बाजूने पाहिल्यास तो तांबूस दिसतो. रसात अन्न तयार करण्याची यंत्रणा मोडलेली असल्यामुळे ही तांबूस झाक जिवंत पानापेक्षा अनेक पटींनी अधिक असते.

हिरवेपणा व अनुस्फुरण यांचा संबंध

हरितद्रव्य वाढले म्हणजे अनुस्फुरण त्याच प्रमाणात वाढते असे नाही. फिक्या पानात हरितद्रव्य वाढू लागले की आरंभी अनुस्फुरणही वाढते. पुढे गर्द पानात बाहेर पडू पाहणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा काही भाग हरितद्रव्य स्वतःच पुन्हा शोषून घेते.

जर्मनीत १९३१ साली हान्स काउट्स्की व हिर्श यांनी अंधारात ठेवलेल्या पानावर एकाएकी प्रकाश टाकला. त्या वेळी अनुस्फुरण प्रथम झपाट्याने वाढले आणि अन्ननिर्मिती सुरू होताच काही मिनिटांत ओसरले. याच तत्त्वावर आजची उपकरणे चालतात. अंधारात ठेवलेल्या पानाचे अनुस्फुरण प्रथम अतिमंद प्रकाशात व नंतर प्रखर झोतात मोजतात. दोहोंतील फरकास प्रखर झोतातील आकड्याने भागतात. निरोगी पानात हे उत्तर सुमारे ०.८३ येते. ते बरेच खाली गेल्यास पान हिरवे असूनही त्याची यंत्रणा बिघडली आहे असे समजावे.

शेतावरील अर्थ

ॲट्राझिनसारखे तणनाशक पानातील पहिली वाट अडविते. तण काही दिवस हिरवेच दिसते, परंतु त्याचे अनुस्फुरण त्यापूर्वीच वाढलेले असते. पाण्याचा ताण पडला असता पर्णरंध्रे मिटतात, कर्बवायू आत येत नाही आणि पान हिरवे राहूनही अन्ननिर्मिती मंदावते. अशा कोरड्या जमिनीत युरिया टाकल्याने पिकास लाभ होत नाही व पैसा मात्र वाया जातो. तेथे प्रथम ओलाव्याची सोय पाहावी.

पान पिवळे पडले तरी कारण एकच नसते. नत्र कमी असल्यास जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्यास कोवळी पाने शिरांमधील भागात पिवळी पडतात व शिरा हिरव्या राहतात. या दुसऱ्या रोगावर युरिया हा उपाय नव्हे.

भातासाठी पर्णरंग तक्ता वापरावा. सकाळी, पानावर स्वतःची सावली धरून, दहा रोपांच्या सर्वांत वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाचा रंग तक्त्याशी ताडून पाहावा. सहा किंवा अधिक पाने ठरविलेल्या रंगापेक्षा फिकी असल्यासच नत्राचा हप्ता द्यावा. गरजेपेक्षा अधिक नत्र दिल्यास पीक गर्द हिरवे दिसते, पण ते लोळते व करपा रोगास लवकर बळी पडते.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास खताचा सल्ला देण्यापूर्वी पानाचा रंग, जमिनीची ओल आणि मागील फवारणी या तिन्ही गोष्टींची चौकशी करावी.