ठिणगी कोठे अडली?



कोकणातल्या एखाद्या खाडीच्या मुखाशी एक छोटी होडी आहे असे समजा. ओहोटी लागली आहे आणि पाणी होडीला समुद्राकडे ओढत आहे. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले जुने टू-स्ट्रोक इंजिन आहे. नावाडी दोरी ओढतो, इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. टाकीत पेट्रोल आहे. मग बिघाड कोठे असावा? बहुधा ठिणगी पडत नसावी.

अशा वेळी आधी नांगर टाकावा आणि मग शांतपणे विचार करावा. तो कसा करायचा, ते पाहू या.

अशा जुन्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मग वीज येते कोठून? १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर प्रवाह निर्माण होई. पहिला प्रवाह स्थिर असताना मात्र काहीच घडत नसे. म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलले पाहिजे. बदल जितका जलद, तितका विद्युत्‌दाब अधिक.

आपल्या इंजिनात हेच घडते. दोरी ओढली की फ्लायव्हील हे जड चाक फिरते. त्यात चुंबक बसवलेले असतात. चाकाखालच्या कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. चुंबक जवळून गेला की जाड तारेत प्रवाह वाहतो. नेमक्या क्षणी ‘पॉइंट’ उघडतात व प्रवाह तुटतो. चुंबकीय क्षेत्र एकदम बदलते आणि बारीक तारेत १०,००० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होतो. प्लगच्या फटीत ठिणगी पडते ती यामुळे. पॉइंटना जोडलेला कंडेन्सर पॉइंटमध्येच ठिणगी पडू देत नाही, म्हणून प्रवाह झटकन तुटतो.

आता तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करू.

१) प्लग : तो काजळीने भरला असेल, तर काजळीतून वीज निसटते व फटीत ठिणगी पडत नाही. प्लग साफ करून फट मोजावी. साध्या हवेत १ मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असल्याने बरेच जास्त लागतात. म्हणून बाहेर ठिणगी दिसली तरी आत ती पडेलच असे नाही.

२) इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार : बटण दाबले की जाड तारेतील प्रवाहाला इंजिनाच्या धातूतून दुसरी वाट मिळते. पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही. खाऱ्या हवेने तारेचे आवरण खराब होऊन ती धातूला टेकली, तर बटण कायम दाबल्यासारखेच होते! ही तार सोडवल्यावर ठिणगी आली, तर दोष येथेच आहे.

३) पॉइंट : यासाठी बहुधा फ्लायव्हील काढावे लागते. पॉइंटवर क्षाराचा किंवा गंजाचा थर असेल, तर जाड तारेत पुरेसा प्रवाहच वाहत नाही.

४) कंडेन्सर व कॉइल : पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. कॉइलची तार तुटली आहे का, हे ओहममापकाने कळते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुरू झाले, तर दोष कशात होता हे कळणार नाही व तो पुन्हा उद्‌भवला की शोध पहिल्यापासून करावा लागेल.

एक सूचना. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र आली की भडका उडू शकतो. शिवाय कॉइलचा धक्का जबर असतो. म्हणून ही तपासणी जाणत्या कारागिराच्या सोबतीनेच पाहा.

आणि आता तुमच्यासाठी प्रश्न : सर्व भाग चांगले असूनही दोरी सावकाश ओढली तर ठिणगी का पडत नाही? फॅरडे यांचा प्रयोग आठवा, उत्तर सापडेल.