दोन एक्के हातात आले, पुढे काय?

एम-थ्रीच्या प्रोबॅबिलिटीत एक प्रश्न ठरलेला असतो. बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून दोन पानं काढली, तर दोन्ही एक्के निघण्याची शक्यता किती? बावन्नातून दोन निवडायचे प्रकार १३२६, एक्क्यांच्या जोड्या ६, म्हणून उत्तर २२१ मध्ये १. आपण ते लिहितो, मार्क घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण हातात आलेल्या त्या दोन एक्क्यांची किंमत किती, हे पेपरमध्ये कोणी विचारत नाही. ती किंमत खेळ बदलला की बदलते. पोकरचे दोन प्रकार शेजारी शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं.

पहिला प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम (फ्लॉप), नंतर एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). या सातांतून सगळ्यात चांगली पाच पानं तुमचा हात. दुसरा प्रकार ओमाहा. लास वेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो रुजला. रॉबर्ट टर्नर नावाच्या खेळाडूने तो तिथल्या बिल बॉइडना दाखवला होता. यात प्रत्येकाला चार पानं मिळतात. पण नियम कडक आहे: हातातली बरोबर दोनच आणि टेबलावरची बरोबर तीनच वापरायची. कमी नाही, जास्त नाही.

हा नियम नीट डोक्यात बसवा, कारण नवीन माणूस इथेच फसतो. टेबलावर बदामाची चार पानं आहेत आणि तुमच्याकडे एकटा बदाम एक्का आहे. होल्डेममध्ये तुमचा फ्लश झाला (तीन पत्तीवाल्यांनी ‘कलर’ समजावं, फक्त पाच पानांचा). ओमाहात काहीच झालं नाही, कारण हातातले बदाम दोन लागतात. (पत्त्यांची मराठी नावं आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कोण शिकवणार? इस्पिक, किलवर, दुर्री, तिर्री हे सगळं मी आजीकडून उचललं. चूक दिसली तर आजीला विचारा.)

आता मुद्द्याचं. होल्डेममध्ये दोन एक्के म्हणजे राजेशाही. समोर एकच जण असेल आणि त्याची पानं कुठलीही असतील, तर शेवटपर्यंत गेल्यास तुम्ही १०० पैकी साधारण ८५ वेळा जिंकता. समोर दोन राजे असले तरी ८० च्या वरच. ओमाहात एक्क्यांची जोडी मुळात जास्त वेळा येते. चार पानांचे एकूण हात २,७०,७२५, त्यात नेमके दोन एक्के असलेले ६,७६८, म्हणजे ४० मध्ये १. आलेली जोडी फ्लॉपवर तिसरा एक्का पकडण्याची शक्यता दोन्हीकडे जवळजवळ सारखी: होल्डेममध्ये ११.८ टक्के, ओमाहात १२.२. म्हणजे तुमची जोडी सुधारत नाही. सुधारतात समोरचे! चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. टेबलावरच्या पाचातून तीन निवडायचे दहा प्रकार. सहा गुणिले दहा, साठ हात. होल्डेममध्ये हाच आकडा २१.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, दुर्री आहे, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. तुमच्याकडे दोन एक्के. होल्डेममध्ये समोरच्याकडे गुलाम-दश्शी असेल, तर त्याला सीक्वेन्ससाठी राणी किंवा सत्ती लागते, म्हणजे ८ पानं. टर्न आणि रिव्हर धरून तो सुमारे ३४ टक्के वेळा जिंकतो. तुम्ही आरामात पुढे.

आता तोच फ्लॉप ओमाहात. तुमच्याकडे दोन एक्के, राजा आणि तिर्री. समोरच्याकडे गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. फ्लशची भानगड नको म्हणून दोघांचीही चारही पानं चार रंगांची धरू. त्याला काय चालेल? चार राण्या, चार पंज्या, आणि उरलेले गुलाम, दश्श्या, सत्त्या, छक्क्या प्रत्येकी तीन. एकूण २० पानं! आठ पानं दोघांच्या हातात आणि तीन टेबलावर, म्हणून न दिसलेली ४१. दोन्ही वेळा त्याला नको ते पान येण्याची शक्यता २१/४१ गुणिले २०/४०, म्हणजे सुमारे २५.६ टक्के. एकदा सीक्वेन्स लागला की तुम्हाला परतीची वाट नाही. म्हणजे ज्याच्याकडे आत्ता एक साधी जोडीसुद्धा नाही, तो ७४ टक्के पुढे आहे. माझ्या मते संपूर्ण ओमाहा या एका गणितात आहे. होल्डेममध्ये हातात काय ‘आहे’ ते बघायचं, ओमाहात काय ‘होऊ शकतं’ ते.

मग दोनाऐवजी तीन एक्के आले तर? बहुतेक जण खूश होतात. पण वापरायचे दोनच, आणि तिसरा तुम्हीच अडवून बसलात. कॅटमध्ये एकच एक्का उरला. फ्लॉपवर तो येण्याची शक्यता ३/४८, म्हणजे ६.२५ टक्के, आधीच्या जवळजवळ अर्धी. आणि चारही एक्के आले तर शून्य. २,७०,७२५ मध्ये एकदा येणारा हात, फोटो काढून ठेवावा असा, आणि खेळायला मात्र अगदी दळभद्री.

राजांच्या जोडीचे हाल याहून वाईट. नऊ जणांचं टेबल आहे, तुमच्याकडे दोन राजे आहेत आणि एक्का एकही नाही. होल्डेममध्ये बाकी आठांपैकी कोणाकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास. ओमाहात तीच २३-२४ टक्के. जवळजवळ चारात एकदा! छोट्या जोड्यांबद्दल तर बोलायलाच नको. दुर्रीची तीन पानं झाली म्हणून पॉट भरत बसलात, तर कोणाची तरी मोठी तीन निघतात.

शिवाय ओमाहा बहुतेक ठिकाणी पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे पॉटमध्ये जेवढं आहे त्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही. नो-लिमिट होल्डेमसारखं सुरुवातीलाच सगळं पुढे ढकलून बाकीच्यांना पळवून लावता येत नाही. एक्केवाल्याला स्वस्तात फ्लॉप बघणारे लोक सोबत घेऊनच चालावं लागतं.

म्हणून ओमाहात जोडीपेक्षा तिची सोबत बघा. दोन एक्क्यांबरोबर गुलाम-दश्शी असेल आणि दोन्ही एक्क्यांच्या रंगाचं एकेक पान असेल, तर मनसोक्त खेळा. त्याच एक्क्यांबरोबर वेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री असेल तर फ्लॉप बघा. तिथे एक्का नाही आला आणि समोरून मोठी बोली आली, की पॅक. एक्के टाकताना हात जड होतो, मान्य. होल्डेममधून आलेल्यांना हेच जमत नाही आणि त्यांचे पैसे इथेच जातात.

पैशांवरून आठवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. त्याआधी आमच्या विंगमधल्या एकीने मेसचं बिल फोनवरच्या टेबलावर घालवलं होतं. पुढचे दोन महिने ती दुसऱ्यांच्या डब्यात जेवली. आम्ही आता काडेपेटीच्या काड्या लावतो. रेक्टर मॅडमनी एकदा येऊन काड्या मोजल्या आणि काही न बोलता गेल्या.

तुम्हालाही बघायचं असेल तर रविवारी दुपारी चौघांना चार-चार पानं वाटा, सगळी उघडी. फ्लॉप उघडा आणि तिथेच थांबा. पुढचं पान काढायच्या आधी प्रत्येकाने आपली चालणारी पानं मोजून कागदावर लिहायची, मगच टर्न. पहिल्या दहा डावांत निदान तीनदा आकड्यांवरून भांडण होईल. कॅल्क्युलेटर जवळ असू द्या.