मिश्रीसुद्धा तंबाखूच!

तपासणी शिबिरात बायांना विचारले, "तंबाखू खाता का?" तर बऱ्याच जणी "नाही" म्हणतात. "मिश्री लावता का?" म्हटले, की उत्तर येते, "ती होय, दात घासायला!"

भगिनींनो, मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जात नाही. हिरडीला लावली की तलफ लागते आणि कॅन्सर करणारे घटक तोंडात मुरतात. गुटखा, खर्रा, विडी यांचेही तेच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी टपरीवर मिळतेच. नुसती सुपारीही कॅन्सर करते. तिने गाल आतून आखडतात, तोंड उघडेनासे होते. तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो.

हा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही. "उष्णतेने तोंड आलंय" म्हणत महिने जातात. म्हणून महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरसा धरून पाहा: ओठ व गाल आतून, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली.

हे दिसले तर लगेच दाखवा:
• पांढरा किंवा लाल चट्टा
• दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम
• तोंडात किंवा मानेवर गाठ
• तीन बोटे उभी मावतील एवढे तोंड न उघडणे
• बसलेला आवाज, गिळताना त्रास

तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला तर घाबरू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. उशीर झाला तर जबडा, जीभ काढण्याची वेळ येते.

सोडताना चिडचिड होते, डोके दुखते. हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. तलफ आली की पाणी प्या, बडीशेप चघळा, कामात मन घाला. मदतीसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

घरातली मिश्रीची डबी आजच रिकामी करा. आणि पुडी आणायला लेकराला टपरीवर पाठवू नका. सवयीची सुरुवात तिथूनच होते.