खेळांसाठी संगणक : सुटे भाग कसे निवडाल?

संगणकावर शर्यतीचा खेळ चालू आहे. मोटार भरधाव धावते आहे, समोर वळण आले, तुम्ही वेळेवर कळ दाबली आणि नेमके त्याच क्षणी पडद्यावरचे चित्र अडखळले. पुन्हा हलू लागले तेव्हा मोटार कठड्यावर आदळलेली होती! यात दोष तुमच्या बोटांचा नाही. चित्र का अडखळते हे ज्याला नीट समजले, त्याला खेळासाठी संगणक जुळवताना कोणता भाग केवढ्या ताकदीचा घ्यावा हेही समजते. घरची मोठी रक्कम यात खर्च होणार असते आणि ती सहसा एकदाच मिळते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुकानात जाण्याआधी थोडे गणित करू. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात फारसे काही नाही.

सोळा मिलिसेकंदांची मुदत

चित्रपट म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली स्थिर चित्रे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे दाखवतात. पण ती सारी आधीच तयार असतात. खेळाचे तसे नाही. तुम्ही मोटार डावीकडे वळवणार की उजवीकडे, हे कोणालाच आधी माहीत नसते. म्हणून प्रत्येक चित्र त्या-त्या वेळी हिशेब करूनच काढावे लागते. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा नवे चित्र मागतो. १००० मिलिसेकंदांना ६० ने भागा. एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात.

एवढ्या वेळात करायचे काय काय? तुम्ही कोणती कळ दाबली ते पाहायचे, मोटारीचा वेग आणि दिशा ठरवायची, समोर कठडा आहे का ते तपासायचे आणि मग पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग ठरवायचा. नेहमीच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६००. सेकंदाला ६० चित्रे म्हटली की दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपके रंगवायचे! मुदतीत चित्र तयार झाले नाही, तर मॉनिटर बिचारा जुनेच चित्र पुन्हा दाखवतो. त्यालाच आपण अडखळणे म्हणतो.

मुकादम आणि रंगारी

हे काम दोघे मिळून करतात. प्रोसेसर हा मुकादम. तो खेळाचे नियम पाळतो आणि कोणती वस्तू कोठे आहे हे ठरवतो. त्याच्याजवळ हुशार पण थोडी माणसे असतात. उदाहरणार्थ, २०२२ साली बाजारात आलेल्या ए.एम.डी. कंपनीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये सहा गाभे आहेत. ग्राफिक्स कार्ड ही रंगाऱ्यांची फौज. २०२३ साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात ३०७२ छोटे गाभे आहेत. यांतला एकेक गाभा प्रोसेसरच्या गाभ्यासारखा हुशार नसतो; पण लाखो ठिपक्यांवर एकच कृती करायची असली म्हणजे संख्याबळच कामी येते.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे. मुकादम आणि रंगारी एकाच वेळी काम करतात. रंगारी एक चित्र रंगवत असतात तेव्हा मुकादम पुढच्या चित्राची आखणी करत असतो. पंगतीत एकीकडे वाढपी वाढत असतात आणि दुसरीकडे आचारी पुढचा घाणा काढत असतो, तसेच. म्हणून पंगतीचा वेग दोघांपैकी जो मंद, त्याच्या वेगाने ठरतो.

समजा, प्रोसेसरला एका चित्रासाठी ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २०. चित्र दर २० मिलिसेकंदांनी येईल, म्हणजे सेकंदाला ५०. दुकानदाराने आग्रह केला आणि तुम्ही दुप्पट वेगाचा, महागडा प्रोसेसर घेतला. प्रोसेसरचा वेळ ४ मिलिसेकंदांवर आला. चित्रे किती? ५०च! तोच पैसा कार्डात घालून त्याचा वेळ १० मिलिसेकंदांवर आणला असता, तर सेकंदाला १०० चित्रे मिळाली असती.

सुरुवात मॉनिटरपासून

म्हणून भागांची निवड उलट्या टोकाने करावी. आधी मॉनिटर ठरवा. २५६० × १४४० ठिपक्यांच्या मॉनिटरवर ३६,८६,४०० ठिपके असतात. आपल्या नेहमीच्या मॉनिटरच्या पावणेदोन पटींहून किंचित जास्त. ३८४० × २१६० चा घेतला तर ते बरोबर चौपट होतात. हा सगळा वाढीव भार रंगाऱ्यांवर पडतो. मुकादमाचे काम फारसे वाढत नाही, कारण मोटारी आणि कठडे तेवढेच राहतात. याउलट, सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा मॉनिटर घेतला तर मुदत ६.९ मिलिसेकंदांवर येते आणि दोघांनाही धाप लागते. पहिल्या संगणकासाठी १९२० × १०८० चा मॉनिटर पुरे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेला पैसा कार्डात घाला. मॉनिटर वगळून जी रक्कम उरेल तिचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक ग्राफिक्स कार्डासाठी राखावा.

वर सांगितलेली ५६०० आणि ४०६० ही जोडी अशा मॉनिटरला साजेशी आहे. मात्र तीच घ्यावी असे नाही. नवी नावे येत राहतात, भाव तर आठवड्याला बदलतात. नावे पाठ करण्यापेक्षा त्या-त्या कार्डाने तुमच्या आवडीच्या खेळात सेकंदाला किती चित्रे काढली याच्या प्रत्यक्ष चाचण्या पाहाव्यात.

कार्डावर स्वतःची वेगळी स्मृती असते, तीही पाहावी लागते. ४०६० वर ती ८ गिगाबाइट आहे. वेगळी का? तिचा वेग पाहा. तिच्यात एका वेळी १२८ बिट जातात आणि प्रत्येक तारेतून सेकंदाला १७ अब्ज बिट. १२८ × १७ ÷ ८ = २७२; म्हणजे सेकंदाला २७२ गिगाबाइट. मदरबोर्डवरच्या ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट देते, दोन पट्ट्या ५१.२. खेळाची चित्रसामग्री कार्डाच्या स्मृतीत मावली नाही, तर ती या मंद रॅममधून ओढून आणावी लागते आणि चित्र अडखळते. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. १६ गिगाबाइटची एकच पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन खाचांतच बसवाव्यात. वाट दुप्पट रुंद होते.

मदरबोर्डने चित्रांचा वेग वाढत नाही. सगळ्यांना एकत्र बांधणे हे त्याचे काम. त्यामुळे येथे भारी माल घेण्याचे कारण नाही, पण जुळणी मात्र अचूक हवी. रायझन ५ ५६०० ला १३३१ पिनांची एएम४ ही बैठक लागते. २०२२ साली आलेल्या एएम५ बैठकीत १७१८ संपर्कबिंदू आहेत. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांची खाचही वेगवेगळ्या जागी असते. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर तुमचा प्रोसेसर त्याला ओळखता येतो का, हे विचारून घ्या. बाकी वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र बसतात याचे श्रेय दोन गोष्टींना आहे. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.ची रचना खुली होती, आणि १९९५ साली एटीएक्स हे मापांचे मानक आले. बोर्डाची भोके आणि वीजपुरवठ्याची जोडणी त्यात ठरवून दिलेली आहे.

साठवणीसाठी एस.एस.डी.च घ्या. जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते; एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई सरकण्याचा वेळ वेगळा. एकदा वाचण्यातच चित्राच्या मुदतीचा मोठा भाग संपतो!

ज्याकडे कोणी पाहत नाही असा भाग

दुकानात सारे जण ग्राफिक्स कार्डाची चर्चा करतात आणि शेवटी उरलेल्या पैशांत एखादा एस.एम.पी.एस. घेतात. हा वीजपुरवठा करणारा डबा होय. तो बिघडला तर एकटा जात नाही. कधी कधी बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. म्हणून याचा हिशेब सावकाश करू.

आपल्या जोडीत कार्डाला ११५ वॅट लागतात. प्रोसेसरवर ६५ लिहिलेले असते, पण जोरात काम करताना तो थोडी अधिक वीज घेतो, ९० धरू. बोर्ड, रॅम, एस.एस.डी., पंखे मिळून ६०. बेरीज २६५ वॅट. कार्ड काही मिलिसेकंदांपुरते याहून बरेच जास्त ओढू शकते, म्हणून ४५० ते ५५० वॅटचा, नामांकित बनावटीचा डबा घ्यावा.

पण डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका. बाजूच्या चिठ्ठीवर एक कोष्टक असते, ते वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टच्या तारेवर जगतात. समजा, एका डब्यावर १२ व्होल्टपुढे ३६ अँपिअर लिहिले आहे : १२ × ३६ = ४३२ वॅट. दुसऱ्यावरही ठळक अक्षरांत ४५० छापले आहे, पण कोष्टकात १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर आहेत : १२ × १८ = २१६ वॅट. आपली गरज २६५ ची! दुसरा डबा स्वस्त का, हे आता सांगायला नको.

काही डब्यांवर ‘८० प्लस’ अशी खूण असते. ती कार्यक्षमतेची आहे. ८५ टक्के कार्यक्षमतेचा डबा २६५ वॅट देण्यासाठी भिंतीतून सुमारे ३१२ वॅट घेतो; उरलेले ४७ वॅट उष्णता होऊन जातात. घरी वीज वारंवार जात असेल तर यू.पी.एस. लागेल. मॉनिटरचे २५ वॅट धरून भार ३३७ वॅटवर गेला. ६०० व्होल्ट-अँपिअरचा यू.पी.एस. बहुधा ३६० वॅटच देतो, म्हणजे अगदी काठावर. १००० चा घेतलेला बरा.

आणि एक ताकीद. हा डबा कधीही उघडू नका, बटण बंद असले तरीही. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची म्हणतो, पण तिचे शिखर २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टला पोहोचते. आतली धारित्रे त्या सुमारास भारित होतात आणि वीज काढल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात. घरातल्या प्लगच्या तिसऱ्या भोकाला खरेच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती चेष्टा समजू नये.

वैशाखातला प्रोसेसर

चिपची उष्णता बाहेर जाते ती चिप आणि खोलीची हवा यांच्या तापमानांतील फरकामुळे. तेच काम, तोच पंखा, तर फरकही साधारण तेवढाच राहतो. समजा, तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश अधिक तापतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असेल तर तो ६५ वर राहील. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४२ वर गेली की तो ८७ वर! रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. तिच्याजवळ पोहोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचे, आत हवा घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा पंखा असलेले घ्या. पुढे बंद काच आणि आत रंगीत दिवे, ही शोभा झाली. दिव्यांनी एकही चित्र वाढत नाही. जाळीवरची धूळ मात्र महिन्याला झटकावी लागेल.

जुने कार्ड घ्यावे का? घ्यायला हरकत नाही, पण त्याचा इतिहास विचारा. २०२० ते २०२२ या काळात कित्येक कार्डे इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि ती कार्डे बाजारात आली. जुने कार्ड निदान अर्धा तास जड खेळावर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरी किंवा शाळेत आधीचा संगणक असेल तर खरेदीपूर्वी एक प्रयोग करता येईल. खेळातला सेकंदाला किती चित्रे हा आकडा पडद्यावर चालू करा. चित्रांची संख्या मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय असते, ती बंद ठेवा. एकाच जागी उभे राहून आकडा टिपा. मग ठिपक्यांची संख्या १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा. ठिपके निम्म्याहूनही कमी झाले. आकडा बराच वाढला, तर अडले होते ते रंगाऱ्यांपाशी आणि नवे कार्ड उपयोगी पडेल. आकडा जागचा हलला नाही, तर अडचण मुकादमाची आहे. वर्गात चार-पाच वेगवेगळ्या खेळांवर हा प्रयोग करून आकडे फळ्यावर मांडले, तर एकाच संगणकावर काही खेळ कार्डापाशी अडतात आणि काही प्रोसेसरपाशी, हेही दिसून येईल.

नवा संगणक जुळवून झाल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. ५६०० मध्ये चित्रे काढणारा भागच नाही. तार चुकीच्या भोकात घातली तर पडदा काळाच राहतो आणि सारे घर उगीच घाबरते.