लेकराची न्याहारी चहावर भागवू नका

माता-पित्यांनो,

तुमचं लेकरू सकाळी काय खाऊन शाळेत जातं? कपभर चहा आणि दोन टोस्ट? चहानं भूक मरते, पण अंगाला काही मिळत नाही. उलट, खाण्याबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. लोह कमी पडलं की मूल फिकं दिसतं, लवकर दमतं, अभ्यासात त्याचं लक्ष लागत नाही.

चांगल्या न्याहारीला पैसा फार लागत नाही. घरात आहे तेच द्या :

१) नाचणीची आंबील किंवा भाकरी. नाचणीत हाडांना लागणारं कॅल्शियम भरपूर असतं.

२) मोडाची मटकी वाफवून, वर लिंबू पिळून. लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते.

३) ज्वारी-हरभऱ्याच्या पिठाचं, मेथी घातलेलं थालीपीठ.

४) शेंगदाणे-गूळ. लहानग्यांना दाणे घशात अडकतात, म्हणून कूट करूनच द्या.

खाण्याची सवय सांगून लागत नाही, बघून लागते. वडिलांनी शेजारी बसून तीच भाकरी खाल्ली, तर मूलही खाईल. आणि मुलाला भरली वाटी, मुलीला उरलंसुरलं, असं करू नका. भूक दोघांनाही सारखीच लागते.

आज मटकी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा. उद्या सकाळी चहाच्या आधणाआधी लेकराची वाटी भरा!