वालचंदनगर आणि विलायतेतील कुंभारांचे गाव : धंद्याचे चार धडे

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात बर्सलेम नावाचे गाव आहे. मातीच्या भांड्यांनी ते जगभर नावारूपाला आले. आपल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते उसाच्या जोरावर वसले आणि यंत्रांच्या जोरावर मोठे झाले. ही दोन गावे शेजारी ठेवून पाहिली, तर बारामती-इंदापूरच्या दुकानदाराला आणि कारागिराला उपयोगी पडतील असे चार धडे मिळतात. म्हणून हा अभ्यास आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिला धडा : कारखाना कुठे काढावा?

बर्सलेमला कोळसा जमिनीतच होता. भांडी भाजायला मातीपेक्षा कोळसा जास्त लागे. म्हणून पांढरी माती दूरच्या कॉर्नवॉलहून आणावी लागली, तरी भट्ट्या कोळशाजवळच राहिल्या. वालचंदनगरचा हिशेबही असाच आहे. दहा टन उसातून साधारण एक टन साखर निघते आणि तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक घटते. तेव्हा कारखाना उसाजवळच हवा. जो माल वजनाने जास्त किंवा लवकर बिघडणारा, त्याच्याजवळ धंदा, हा नियम लहान दुकानालाही लागू आहे.

दुसरा धडा : पाण्याची वाट

बर्सलेमचा जोसाया वेजवुड (१७३० ते १७९५) कुंभाराच्या घरातला. लहानपणी देवी येऊन त्याचा गुडघा अधू झाला. पायाने चाक फिरवणे जमेना, तेव्हा तो माती आणि झिलईच्या प्रयोगांकडे वळला. पुढे १७६८ मध्ये तो पायच कापावा लागला. घोड्यांच्या पाठीवरून नेलेली भांडी फुटत, म्हणून त्याने कालव्याचा आग्रह धरला. १७६६ मध्ये ट्रेंट-मर्सी कालव्याची पहिली कुदळ त्यानेच मारली. १७७७ मध्ये कालवा पुरा झाला. त्याचा एट्रुरिया कारखाना या कालव्याच्याच काठी होता.

आपल्याकडचा नीरा डावा कालवा मालवाहतुकीचा नाही, ओलिताचा आहे. भाटघर धरणाचे पाणी त्यातून बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळाला मिळाले आणि ऊस उभा राहिला. तिथे नाव चालली आणि इथे पाट वाहिला, पण दोन्ही ठिकाणी धंद्याच्या आधी पाणी आले.

तिसरा धडा : दुरुस्तीतून उद्योग

वालचंद हिराचंद (१८८२ ते १९५३) सोलापूरचे. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत ते उतरले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच दशकात कळंब गावाजवळ त्यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि वसाहतीला त्यांचे नाव मिळाले.

साखरेचा हंगाम थोड्या महिन्यांचा असतो, पण यंत्रे बारा महिने सांभाळावी लागतात. दुरुस्ती शिकलेला हात पुढे नवे यंत्र घडवू शकतो. वालचंदनगरात पुढे साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली, मग अणुऊर्जा आणि अवकाश क्षेत्राची कामे आली. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या अग्निबाणाच्या बूस्टरचे पोलादी कवचही या गावच्या कारखान्याने पुरवले होते.

चौथा धडा : हिशेब आणि सावधपणा

१७७२ च्या मंदीत माल पडून राहिला, तेव्हा वेजवुडने प्रत्येक वस्तूचा खरा खर्च काढायला घेतला. कोणता माल पोट भरतो आणि कोणता नुसती शोभा देतो, हे तेव्हा त्याला कळले. आपल्यातील किती दुकानदार हा हिशेब लिहून ठेवतात?

पण नाव मोठे म्हणून पाया अढळ असतो असे नाही. वेजवुडचे नाव लावणारा उद्योगसमूह जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि नंतर ते नाव दुसऱ्यांच्या हाती गेले. एका कारखान्याच्या पगारावर अख्खी बाजारपेठ चालते, तिथे हा धोका कायमचाच असतो. पगार लांबला की किराणा, कापड, सायकल दुरुस्ती सगळ्यांचीच उधारी वाढते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : गिऱ्हाईक एकच ठेवू नका. मुलाला वेल्डिंग, टर्निंग, नकाशा वाचणे यांपैकी एक काम पक्के शिकवा. कारखाना बंद पडू शकतो, गाव ओस पडू शकते, पण हातातले हुनर माणसाबरोबर दुसऱ्या गावाला जाते.